तोंडातील व्रण ते पहिला उपचार

तुमच्या वडिलांच्या गालाच्या आतील पांढरा चट्टा आणि तीन आठवडे उलटूनही न भरलेला व्रण पाहता, तोंडाच्या कर्करोगाची शंका तपासून घ्यायला हवी; आणखी एखादे मलम लावून वाट पाहू नये, असे मी आग्रहाने सांगेन. आम्ही नेमके तेच केले आणि दोन महिने गमावले. (तंबाखूची डबी आजच घराबाहेर गेली पाहिजे, हे वेगळे सांगायला नको.) प्रथम कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवून बायोप्सी, म्हणजे व्रणाचा छोटा तुकडा काढून तपासणी, करून घ्यावी. तुकडा काढल्याने रोग पसरतो, ही भीती निराधार आहे. अहवालाबरोबरच त्या तुकड्याच्या काचपट्ट्या आणि तो जतन केलेला मेणाचा ठोकळा, ज्याला सारे ‘ब्लॉक’ म्हणतात, प्रयोगशाळेतून मागून घ्यावा, कारण परळच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या ठिकाणी त्यांची पुन्हा तपासणी होते. आमच्याजवळ केवळ कागद होता, म्हणून ते आणायला नाशिकची एक फेरी वाढली. सीटी किंवा एमआरआयवरून रोगाचा टप्पा ठरेपर्यंत शस्त्रक्रियेच्या तारखेसाठी घाई करून उपयोग नसतो. त्याच दिवसांत रेशनकार्ड व आधारवरील नावे जुळतात का, हे पाहून ठेवावे, म्हणजे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेची मंजुरी त्यापायी अडणार नाही. किरणोपचार होणार असतील, तर दंतवैद्यांकडून किडलेल्या दातांचा निकाल आधीच लावून घ्यावा. नंतर दात काढल्यास जबड्याचे हाड भरून येणे कठीण जाते.