पाच दिवसांत गाठ गेली म्हणे, मग आमच्या बाबांना का नाही?

प्रश्न: बाबा ५८ वर्षांचे. मेंदूत ग्लायोब्लास्टोमा (मेंदूचा जोरात वाढणारा कॅन्सर) निघाला, ऑपरेशन झालं, सहा आठवडे रेडिएशन आणि टेमोझोलोमाइडच्या केमोच्या गोळ्या झाल्या, आता नव्या एमआरआयत परत गाठ दिसतीय. भावानं वाचलं की अमेरिकेत इम्युनोथेरपीनं (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कॅन्सरशी लढवतात ती) एका बाईची गाठ पाच दिवसांत गेली. एका ठिकाणी तीच ट्रीटमेंट अठरा लाखांत देतो म्हणतायत. भाऊ कागलकडचं शेत विकायला निघालाय. काय करू?
– एक वाचक, गंगावेश, कोल्हापूर

उत्तर: ताई, आधी भावाला सांगा, शेताच्या कागदावर सही करायची नाही. निदान हे सगळं वाचून होईपर्यंत तरी.

बातमी खरी आहे. २०२४ च्या मार्चमध्ये बोस्टनच्या मास जनरल हॉस्पिटलनं ती छापली. पेशंटच्याच रक्तातल्या टी-सेल्स, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी, काढून, लॅबमध्ये कॅन्सर ओळखायला शिकवून परत थेट मेंदूतल्या पाण्यात सोडल्या, कार-टी म्हणतात त्याला. ५७ वर्षांच्या त्या बाईंची गाठ एका डोसात पाच दिवसांत जवळजवळ दिसेनाशी झाली, पण पुढचं कुणी सांगत नाही, महिन्याभरात ती परत वाढायला लागली. आणि पेशंट होते किती, तर तीन. एकाची गाठ मात्र सहा महिन्यांहून जास्त आटलेली राहिली, म्हणून तर डॉक्टर लोक हरखले, मीही हरखले.

पण ही चाचणी फेज वनची, म्हणजे पहिल्या टप्प्याची. त्यात बघायचं असतं ते औषध माणसाला सोसतंय का, डोस किती द्यायचा, ताप आणि मेंदूची सूज आवरते का एवढंच. आयुष्य वाढतं का ते पुढच्या मोठ्या चाचणीत कळतं आणि तिथं आशा मोडलेली मी पाहिलीय. निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं औषध त्वचेच्या मेलानोमा कॅन्सरमध्ये गाजलं, पण परत आलेल्या ग्लायोब्लास्टोमावर ३६९ लोकांत तपासलं तर जुन्या औषधापेक्षा जास्त जगवलं नाही. कारण एकाच गाठीत पेशी नाना तऱ्हेच्या असतात, एक खूण धरून मारल्या तरी ती खूण नसलेल्या उरतात आणि त्याच वाढतात.

आपल्याकडं आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलमधून आलेल्या नेक्सकार१९ या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मंजुरी मिळालीय, पण ती काही रक्ताच्या कॅन्सरसाठी, मेंदूच्या नाही. तेव्हा अठरा लाखवाल्याला एकच विचारा, सीटीआरआय नंबर द्या. सीटीआरआय म्हणजे चाचण्यांची सरकारी रजिस्ट्री, भारतातली प्रत्येक औषधाची चाचणी तिथं नोंदवावी लागते, कुणालाही बघता येते. चाचणीतलं औषध पेशंटला विकायचं नसतं आणि त्यामुळं इजा झाली तर उपचार फुकट, भरपाईही, हे औषध-चाचण्यांच्या २०१९ च्या नियमात आहे. नंबर द्यायला कां-कूं केली तर तिथनं उठा.

आणि चाचणी मिळालीच तर बाबा चालते-बोलते आहेत का ते बघतात, सूज उतरायला डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड किती चालू आहे तेही विचारतात, कारण स्टेरॉइडनं प्रतिकारशक्ती दबते (पण ते स्वतःच्या मनानं बंद करू नका, धोका आहे). ऑपरेशन झालं तिथल्या लॅबमधून गाठीचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड आजच मागून घ्या, सगळ्या एमआरआयच्या सीडी घ्या आणि महालक्ष्मी एक्स्प्रेसनं मुंबईला टाटाच्या न्यूरो-ऑन्कोलॉजीला एकदा दाखवा. बाबांना नेताना त्रास होत असेल तर फाइल घेऊन तुम्ही दोघं भावंडं जा. जाण्याआधी बाबांना मात्र विचारा हं, त्यांना काय हवंय ते. तुमच्या पत्रात ते कुठंच आलं नाही.