पशुवैद्याला विचारा : नसबंदीला नेलेली कुत्री भलतीकडे सोडली, आता?

प्रश्न : आमच्या गल्लीतली तांबू पालिकेची गाडी नसबंदीसाठी घेऊन गेली. आठवड्याने सोडली ती हायवेच्या पलीकडे, दुसऱ्याच वस्तीत. आम्ही शोधून आणली तेव्हा पोटावरची जखम ओली होती, माश्या बसत होत्या. विचारायला गेलो तर ‘एवढ्या कुत्र्यांत कोण कुठली, कसं लक्षात राहणार?’ नसबंदीला आमचा विरोध नाही, पण ती अशी? आम्ही नेमकं काय मागू शकतो?
— एक वाचिका, ठाणे जिल्हा

उत्तर : ताई, आधी तांबूचं बघू. जखमेवर हळद, खोबरेल, डेटॉल असलं काही लावू नका. आजच्या आज डॉक्टरला दाखवा. टाक्यांपाशी सुरुवातीचे दोन-तीन दिवस थोडी सूज असते, तिला घाबरायचं कारण नाही. पण वास, पू किंवा न हटणाऱ्या माश्या असतील तर थांबू नका. माशीने अंडी घातली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जखमेत अळ्या वळवळताना दिसतात.

‘कसं लक्षात राहणार’ हे उत्तर मला पाठ आहे. निर्बीजीकरण केंद्रावर मी बरीच वर्षं काढली आहेत. लक्षात ठेवायला सांगतंय कोण? लिहून ठेवायचं असतं! २०२३च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे कुत्रं पकडलं की त्याच्या गळ्यात नंबराचा पट्टा, तोच नंबर नोंदवहीत, शेजारी पकडल्याची जागा आणि तारीख. सोडायचं तेही उचललं तिथेच. पट्टा गाडीपाशीच बांधला तर घोळ होत नाही. केंद्रावर पोचल्यावर बांधू म्हटलं की झालाच, कारण एका फेरीत तीन-चार गल्ल्यांतली कुत्री असतात आणि त्यातली निम्मी तांबडीच. आता तर प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे. मागे दुकानाची पाटी दिसेल असा एक फोटो काढायला कितीसा वेळ लागतो?

जागा चुकणं ही किरकोळ बाब नाही. ताज्या टाक्यांचं कुत्रं परक्या टोळीत पडलं की मार खातं, नाहीतर घरी यायला हायवे ओलांडतं. शिवाय तुमच्या गल्लीतलं लस टोचलेलं कुत्रं गेलं की त्याच्या जागी बिनलशीचं येऊन बसतं. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ला हेच सांगितलं : नसबंदी, लस आणि जंताचं औषध झालेलं कुत्रं त्याच भागात सोडा. रेबीज झालेलं, तसा संशय असलेलं किंवा आक्रमक कुत्रं मात्र सोडायचं नाही. पुढे ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालयं, एसटी स्टँड, रेल्वे स्टेशन अशा जागांतून उचललेली कुत्री तिथे परत सोडायची नाहीत असं ठरलं. तुमची गल्ली त्यात बसत नाही.

शस्त्रक्रिया हात बसलेल्या सर्जनकडे झटकन उरकते. हाल होतात ते तिच्या आधी आणि नंतर. चिमटे, तारेचे फास वापरायला बंदी आहे. जाळी वापरायची नाहीतर हाताने धरायचं. रोज खायला घालणारं माणूस सोबत असलं तर निम्मी कुत्री जाळीशिवाय गाडीत चढतात, तेव्हा पुढच्या वेळी तुम्ही स्वतः हजर राहा. अंगावर पिणारी पिल्लं असलेली कुत्री किंवा सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू उचलू देऊ नका.

केंद्र बघायला गेलात तर थिएटरच्या चकचकीत टाइल्स दाखवतील. तुम्ही मागच्या पिंजऱ्यांची फरशी बघा. भुलीत अंगाची ऊब उतरते, आणि अशा कुत्र्याला नुकत्याच पाइपने धुतलेल्या लादीवर ठेवलं तर ते कुडकुडत राहतं, शुद्धीवर यायलाही उशीर लागतो. खाली सुकं गोणपाट एवढीच गरज. ते दिसलं नाही तर खुशाल विचारा.

अर्ज करताना तांबूचा पट्टा क्रमांक, पकडल्या-सोडल्याची नोंद आणि सोडताना जखम कोणी तपासली, एवढंच लेखी मागा. प्रत स्थानिक जन्म नियंत्रण देखरेख समितीला द्या. ‘मुक्या जिवांवर अन्याय’ वगैरे दोन पानं लिहू नका, कोणी वाचत नाही.

प्रश्न : आमच्या कॉलनीतल्या सगळ्या कुत्र्यांचे कान कापलेले आहेत, तरी एकाने दूधवाल्याला चावलं. मग नसबंदीचा उपयोग काय?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : सर, नसबंदीने दात जात नाहीत. माजावरच्या मारामाऱ्या आणि पिल्लं राखणाऱ्या आईचे चावे कमी होतात, एवढी अपेक्षा रास्त आहे. रेबीज थोपवते ती लस. गोव्यात वर्षानुवर्षं गावोगाव जाळी घेऊन फिरत कुत्र्यांना लस टोचली, म्हणून २०२१मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित जाहीर झालं. कानाची खाच नसबंदी झाल्याची खूण आहे. त्या वेळी लस दिलेली असते, पण तिचा जोर कायम राहत नाही, ती दरवर्षी द्यावी लागते. तुमच्या कॉलनीत शेवटची कधी दिली, हे वॉर्ड ऑफिसात विचारा. दूधवाल्याने जखम पंधरा मिनिटं साबणाने धुतली होती का? इंजेक्शनं सुरू केली नसतील तर आजच पाठवा, आणि सगळे डोस पुरे करायला लावा. दोन घेतले की बरं वाटतं आणि लोक जायचे थांबतात.