दहावीनंतर अमेरिकेत येणाऱ्या मुलाला तिथला इतिहास झेपेल का?

तुमच्या मुलाची दहावी पुण्यात झाली, आता तो न्यू जर्सीत शाळेत जाणार आणि अमेरिकेचा इतिहास त्याने कधी वाचलेला नाही, ही तुमची काळजी. झेपेल त्याला. मी इथल्या एका पब्लिक हायस्कूलमध्ये हाच विषय शिकवते.

न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायला अमेरिकेचा इतिहास दोन वर्षं घ्यावाच लागतो. सनावळ्या तो भराभर उचलेल. अडेल ते दुसरीकडे. आपल्याकडे ‘कारणे लिहा’ म्हटलं की पुस्तकातले मुद्दे उतरवून गुण मिळतात. इथे प्रत्येक मुद्द्याला ‘कशावरून?’ विचारतात आणि उत्तर त्या काळातल्या कागदात शोधायचं असतं.

१८६१ ते १८६५ चं यादवी युद्ध घ्या. ते गुलामगिरीवरून झालं की राज्यांच्या हक्कांवरून, यावर इथे लोक अजून भांडतात. मी वर्गात दोन उतारे वाटते. पहिला मार्च १८६१ मधला. देशातून फुटून निघालेल्या दक्षिणेकडच्या राज्यांच्या नव्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स सव्हाना शहरातल्या सभेत उघड सांगतात की कृष्णवर्णीय माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही, याच तत्त्वावर आमच्या सरकारची कोनशिला बसवली आहे. दुसरा उतारा १८६८ चा, त्याच स्टीफन्स यांच्या पुस्तकातला. आता ते म्हणतात, वाद मुळात राज्यांच्या अधिकारांचा होता. मधल्या काळात दक्षिण हरलेली, गुलामगिरी कायद्याने संपलेली. कोणासाठी लिहिलंय, का लिहिलंय, कशावर विश्वास ठेवायचा? मुलं चिडतात, वाद घालतात, पुन्हा उतारा उघडतात. वर्षभरातला माझा सर्वात आवडता तास हाच.

एपी, म्हणजे हायस्कूलमध्येच घेता येणारा कॉलेजच्या पातळीचा अभ्यासक्रम. त्यातल्या यूएस हिस्टरीची परीक्षा मे महिन्यात असते. तिच्यात सात ऐतिहासिक कागद देऊन तासाभरात एक निबंध लिहायला लावतात आणि एकूण गुणांतले २५ टक्के त्याच निबंधाला असतात. पहिल्याच वर्षी एपी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. विचार करायला मुलं कमी पडत नाहीत, पण एकोणिसाव्या शतकातलं इंग्रजी वाचायला वेळ लागतो.

ती सवय आतापासून लावा. फ्रेडरिक डग्लस यांचं जुलै १८५२ चं रॉचेस्टरचं भाषण इंटरनेटवर फुकट मिळतं. गुलामगिरीतून पळून सुटलेला माणूस स्वातंत्र्यदिनाच्या निमित्ताने बोलावणाऱ्यांनाच विचारतो, हा दिवस गुलामाच्या काय कामाचा? रोज एक पान, मोठ्याने वाचू द्या. सोबत जोतीराव फुल्यांच्या १८७३ मधल्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिकाही दाखवा. गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या अमेरिकेतल्या लोकांना त्यांनी ते पुस्तक अर्पण केलं होतं. वर्गात हे त्याने सांगितलं तर बाकीच्यांना नवीन असेल.

प्रवेशाच्या वेळी गाइडन्स कौन्सेलरना (मुलांचे विषय ठरवायला मदत करणाऱ्या शाळेतल्या सल्लागारांना) विचारा, अकरावीत आल्यास इतिहासाचे दोन्ही भाग कसे बसवणार. वेळापत्रक ठरल्यावर बदल करणं जड जातं, म्हणून हे पहिल्याच भेटीत विचारा.