गोठ्याचं कर्ज आणि मुलीचा प्रवेशअर्ज

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातून एका आईचं पत्र आलंय. मुलगी बारावीत, पीसीएमबी, म्हणजे गणित आणि जीवशास्त्र दोन्ही. घरी सात संकरित गाई, त्यांच्यावर कर्ज. मुलीला स्टॅटिस्टिक्समध्ये बी.एस्सी. करायचंय, आईला हवंय जेनेटिक्स. 'डीएनए तपासून 25 लिटरची गाय ओळखता येते म्हणे. ती हे शिकून आली की गोठा सावरेल. आकडेमोडीचा गाईंना काय उपयोग?' सोबत मुलीच्या दूधवहीच्या एका पानाचा फोटो, ती घरात किती लक्ष घालते हे दाखवायला.

ताई, मला 'गोठा सावरेल' हे दोन शब्द खटकले. पदवी आणि एम.एस्सी. होईपर्यंत पाच वर्षं जातील. हप्ता दर महिन्याला येतो. भाकड गाय ठेवायची की विकायची, पेंड किती घालायची, बँक मुदत वाढवून देईल का, हे तुम्ही आणि तिच्या बाबांनी ठरवायचं. कर्ज तुमचं आहे. सतरा वर्षांच्या पोरीला त्यात जामीन ठेवू नका.

आता त्या 25 लिटरचं. दुधाचा असा एकच जीन नसतो. शेकडो जीन थोडाथोडा हातभार लावतात, आणि गाईगाईंच्या दुधातल्या फरकात वंशाचा वाटा साधारण पाव ते एक तृतीयांश. बाकी सगळं वैरण, उकाडा, गोचीड, वेत कितवं यावर. एकट्याने ठळक फरक पाडणारा डीजीएटी1 नावाचा जीन आहे खरा, पण त्याचं जे रूप फॅट वाढवतं तेच लिटर घटवतं! 'ए2 दुधा'साठी गाईची तपासणी करतात, ती बीटा-केसीन या दुधातल्या प्रथिनातलं 67व्या जागेवरचं एक अमिनो आम्ल बघते. दूध किती निघेल हे ती सांगत नाही. अमेरिकेत 2009 पासून होल्स्टिन या दुधाळ जातीचं मूल्यांकन डीएनएवरून अधिकृतपणे होतं, ते हजारो खुणा एकदम वाचून आणि दुधाच्या नोंदी असलेल्या हजारो जनावरांशी ताडून. ते गणित आपल्या श्वेतकपिलेला, गोव्याच्या देशी गाईला, उचलून लावता येत नाही. नमुना कुणीही पाठवील; त्यातून अंदाज काढायला लागतं स्टॅटिस्टिक्स. ज्याला तुम्ही नको म्हणताय तेच.

आणि तो फोटो नीट बघितलात का? 'गवरी: सकाळी 4.5, सांजेला 3, फॅट 3.9. कालपासून खात नाही, आजचा आकडा धरू नये.' आकडा कधी धरायचा नाही हे तिला कुणी शिकवलेलं नाही.

व्हेटरनरीला 'नीट'ची प्रवेशपरीक्षा आणि साडेपाच वर्षं. तिला ते नकोय, विषय संपला. तिला स्टॅटिस्टिक्स करू द्या. पुढे वाटलंच तर दिल्लीच्या भारतीय कृषी सांख्यिकी संशोधन संस्थेत एम.एस्सी. आहे, अटी त्या वर्षीच्या पत्रकात बघाव्यात. ती विमा कंपनीत गेली आणि गाईंचं तोंडही बघितलं नाही, तरी तुम्ही रुसायचं नाही.

मुली, वही तुला आवडत असेल तरच चालू ठेव. पानाच्या तळाशी तू तीन वासरांच्या आया लिहिल्यास, बाप एकाचाही नाही. कृत्रिम रेतनाच्या कांडीवर वळूचा नंबर छापलेला असतो. पुढच्या वेळी कांडी कचऱ्यात जायच्या आधी तो उतरवून घे.