सगळे काळजीच घेतात, मग मला राग का येतो?

"मॅडम, साहेब तर काळजीच करून राहिले न, मग मला राग कायचा येतो? माझाच स्वभाव संशयी झाला का?" माझ्याकडे समुपदेशनाला येणाऱ्या, नागपूरच्या प्रतापनगरात राहणाऱ्या, पस्तिशीच्या एका कर्ज-अधिकारी बाईंचा हा प्रश्न थोड्याफार फरकाने अनेक जणी विचारतात, म्हणून ओळख पटणार नाही इतके तपशील बदलून लिहीत आहे.

बुटीबोरी आणि हिंगण्याच्या कारखान्यांची जागेवर जाऊन पाहणी करणे आणि कर्जप्रस्ताव मंजुरीला पाठवणे, हे त्यांच्या पदाचे मुख्य काम होते. पण ऊन तापू लागले की साहेब म्हणत, "ताई, एवढ्या उन्हात तुम्ही कुठं जाता? इथंच फाइली पाहा," आणि पाहणीला त्यांच्यानंतर रुजू झालेला मुलगा जाई. पावसाळ्यात रस्त्याचे कारण निघे, हिवाळ्यात लवकर पडणाऱ्या अंधाराचे. आवाज कोणीच चढवला नव्हता. शाखेतल्या इतर दोघींना तर ही सोयच वाटत होती, आणि त्यामुळेच या बाई स्वतःवर शंका घेऊ लागल्या होत्या.

पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह १९ देशांत केलेला अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. स्त्रियांविषयीचा उघड आकस आणि त्यांना नाजूक मानून जपणारा गोड पूर्वग्रह बहुधा हातात हात घालून चालतात, आणि पुरुषांमध्ये ते जिथे जास्त, तिथे स्त्री-पुरुष विषमताही जास्त, असे त्यात दिसले. उघड आकस स्त्रियांनी पुरुषांपेक्षा अधिक नाकारला. गोड पूर्वग्रह मात्र, पुरुषांचा आकस जिथे तीव्र होता तिथे, त्यांनी पुरुषांइतकाच आणि काही देशांत अधिकही मान्य केला. यात भाबडेपणा नाही. बाहेर जाच असेल, तर जपणारा माणूस हवासा वाटणारच. म्हणूनच इतर दोघींना काही खटकत नाही, यावरून तिथे विषमता नाही असे ठरत नाही.

मानसशास्त्रज्ञ फे क्रॉस्बी यांना १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या नोकरदार स्त्रियांत याच्याच जवळचे काही आढळले होते: एकूण स्त्रियांवर अन्याय होतो हे त्यांना पटत होते, पण "माझ्यावर नाही" असे त्या सांगत. एकटीचेच प्रकरण पाहिले की प्रत्येक वेळी काहीतरी वेगळे कारण सापडते. सगळ्यांचे आकडे शेजारीशेजारी ठेवले की खरा प्रकार दिसतो.

त्यामुळे रागाची चिकित्सा बाजूला ठेवून मी त्यांना वर्षभराचा हिशेब मांडायला सांगितला. (राग आला म्हणजे अन्याय झालाच, असेही मी धरून चालत नाही.) कोणत्या पाहणीला कोण गेले, प्रस्ताव कोणाच्या नावावर लागला, प्रोत्साहन भत्ता कोणाला मिळाला, एवढेच रकाने होते. जवळजवळ प्रत्येक ओळीत कागदपत्रांची तयारी बाईंची आणि नाव त्या मुलाचे होते. शेवटी त्यांनी आपल्या वार्षिक मूल्यमापनातला शेरा उतरवून आणला होता: "प्रत्यक्ष पाहणीचा अनुभव कमी."

साहेबांशी काय बोलायचे याची आम्ही तालीम केली, कारण ते दुखावणार हे उघड होते. "मी तर तुमच्या भल्यासाठीच," असे ते म्हणालेच. त्यावर बाईंनी सांगितले, "सर, तुमच्या हेतूबद्दल माझी तक्रार नाही, पण शेऱ्यात तो हेतू कुठं दिसत नाही. ऊन सगळ्यांनाच लागते, तर पाहण्या सकाळी ठेवू आणि पाळीने जाऊ."

पाहण्यांची पाळी ठरली. तिच्यात इतर दोघींचीही नावे आली, आणि त्यांतली एक आता बाईंशी बोलत नाही. सध्याच्या भेटींत आमचे बोलणे बहुतेक त्याविषयीच असते.