१.०३२ वर अडकलेली सेझाँ : एवढ्यात बाटल्या भरू नका

तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ह्यूस्टनचं गॅरेज, पाच गॅलन सेझाँ (बेल्जियमची फार्महाउस बिअर), वायीस्ट कंपनीचं ३७२४ यीस्ट, सुरुवातीची ग्रॅव्हिटी (पाण्याच्या तुलनेत घनता; साखर संपते तशी ती उतरते) १.०५१. तीन दिवस धडाक्यात फसफसली, मग फेस बसला. आज नववा दिवस, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी, हवा आत न घेणारी झडप) गप्प, ग्रॅव्हिटी १.०३२. आणि प्रश्न : आता साखर घालून बाटल्या भरू का?

नका भरू. ही चूक मी स्वतः केली आहे, तीही एका दुकानदाराच्या ‘बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली’ या सल्ल्यावर. म्हणून लिहितोय ते एवढ्याबद्दलच. मॅश (धान्य गरम पाण्यात भिजवणं), हॉप्स, सॅनिटायझिंग तुम्हाला जमतंय असं धरतो.

आधी हिशोब. ग्रॅव्हिटी दोन पॉइंट उतरली (म्हणजे ०.००२) की बिअरमध्ये साधारण एक व्हॉल्यूम (बिअरच्या आकारमानाइतका) कार्बन डायऑक्साइड तयार होतो. ही बिअर शेवटी १.००४ च्या आसपास जाणार. म्हणजे २८ पॉइंट बाकी, म्हणजे १४ व्हॉल्यूम. त्यावर तुमची प्रायमिंगची (बाटलीत फेसासाठी घालायची) साखर वेगळी. शॅम्पेनच्या जाड बाटलीत सहाच्या आसपास असतात आणि साध्या १२ औंसाच्या बाटलीत तीनच्या वर जाऊ नये. फसवणारी गोष्ट ही की यीस्ट बाटलीतही हळूच काम करतं. दुसऱ्या आठवड्यात उघडलेली बाटली छान लागते, चौथ्यात कारंजं उडतं आणि त्यानंतर काचा. तुमच्यापैकी कुणी आधीच भरल्या असतील तर जाड हातमोजे आणि डोळ्यांना गॉगल लावून सगळ्या फ्रिजमध्ये ठेवा, पूर्ण गार झाल्या की बुचं सैल करून वायू सोडा. बाटली गरम असताना उघडू नका.

आता, ती अडकली कशामुळे? हे यीस्ट बेल्जियमच्या एनो प्रांतातल्या तूर्प गावच्या ड्युपाँ ब्रूअरीच्या वंशातलं मानलं जातं आणि त्याचा हा स्वभावच आहे. जोरात सुरुवात, १.०३५ च्या आसपास बैठा सत्याग्रह, मग मनात आलं की पुन्हा चालू. विकणारी कंपनी स्वतःच हे सांगते आणि ३२ अंश (९० फॅरनहाइट) किंवा वर ठेवा म्हणते. ‘पण गॅरेज तर तापलेलंच आहे’ असं तुम्ही म्हणाल. खरी गोम तिथेच आहे. पहिले तीन दिवस किण्वनाची स्वतःची उष्णता असते, त्यामुळे बिअर बाहेरच्या हवेपेक्षा तीन-चार अंश गरम राहते. फेस बसला की ती उष्णता संपते आणि रात्री गॅरेज २५-२६ वर येतं. ज्या वेळी यीस्टला ऊब हवी नेमक्या त्याच वेळी बिअर गार पडते. इडलीचं पीठ थंडीत रात्रभर फुगत नाही, तसंच हे. भांडं घरात एसीखाली ७५ फॅरनहाइटला आणून ठेवलं असेल तर विचारूच नका.

काही करण्याआधी आकडा खरा आहे का ते बघा. रिफ्रॅक्टोमीटरने (थेंबातून जाणाऱ्या प्रकाशावरून साखर मोजणारं यंत्र) मोजलं असेल तर तो आकडा सोडून द्या, अल्कोहोलमुळे तो जास्त दाखवतो. १.००४ वर पोचलेली तुमची हीच बिअर त्यात पाचाच्या वर ब्रिक्स (त्या यंत्राचं साखरेचं एकक), म्हणजे १.०२० च्या पुढे दिसेल. हायड्रोमीटर (तरंगणारी मापनळी) असेल तर नमुना दोन ग्लासांत वरखाली ओतून वायू काढा, नाहीतर बुडबुडे त्याला वर उचलतात. वीस अंशांना जुळवलेल्या हायड्रोमीटरने ३२ अंशांच्या बिअरचं माप घेतलं तर ०.००३ मिळवा.

आकडा खरा निघाला तर ऊब द्या. सगळ्यात स्वस्त आणि भरवशाचा उपाय : मोठा प्लॅस्टिकचा टब, त्यात बिअरच्या पातळीच्या निम्म्यापर्यंत पाणी, पाण्यात मत्स्यालयाचा १०० ते १५० वॅटचा हीटर, ३२ वर लावलेला. हीटर टबच्या पाण्यात, बिअरमध्ये कधीच नाही. पाणी त्याच्या खुणेच्या खाली गेलं तर काच तडकते, तेव्हा रोज बघा. जोडणी जीएफसीआय प्लगवरच (वीज गळली की लगेच बंद होणारा). पाण्याचा मोठा फायदा म्हणजे दिवस-रात्रीचा चढउतार थांबतो. माझ्या मते ३५ अंशांपेक्षा हा चढउतारच जास्त घातक. हीटिंग पट्टा गुंडाळणारे बरेच आहेत, पण तो एकाच जागी भाजतो. मला पसंत नाही.

दुसरं, एअरलॉक काढा आणि तोंडावर सॅनिटायझर मारलेला फॉइलचा तुकडा सैल बसवा. हे यीस्ट दाबाला नाराज होतं असं अनेक जुने ब्रूअर मानतात. प्रयोगशाळेचा पुरावा माझ्याकडे मागू नका, पण खर्च शून्य आहे. पुढच्या वेळी पहिल्या दिवसापासूनच फॉइल लावा आणि जोर पूर्ण ओसरला की एअरलॉक. भांडं हलकेच गोल फिरवा, यीस्ट तळातून उठेल. ढवळू नका आणि आता हवा तर मुळीच देऊ नका, बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते.

मग दोन आठवडे थांबा. खरंच थांबा. रोज झाकण उघडून नमुने काढणाऱ्यांची बिअर आंबते, नाहीतर नमुन्यातच संपते. दोन आठवड्यांत पाच पॉइंटही हलले नाहीत तर दुसरं सेझाँ यीस्ट द्या : बेल सेझाँचं ११ ग्रॅमचं पाकीट, उकळून ३० ते ३५ अंशांवर आणलेल्या ११० मिली पाण्यात भिजवून. शॅम्पेन यीस्ट टाका असा सल्ला हमखास मिळेल, ऐकू नका. उरलेल्या साखरेत माल्टोट्रायोज आणि डेक्स्ट्रिन (फोडायला अवघड, लांब साखळीच्या साखरा) असतात, वाइनची यीस्टं त्यांना फारशी हात लावत नाहीत. बेल सेझाँ मात्र डायस्टॅटिकस जातीचं आहे, डेक्स्ट्रिनसुद्धा फोडून खातं. त्यामुळेच ते वापरलंत तर नळी, तोटी, प्लॅस्टिकची बादली सेझाँसाठीच बाजूला ठेवा. ओरखड्यांत थोडं जरी राहिलं तरी पुढची साधी पेल एल बिअर बाटलीत पुन्हा चालू होते.

बाटल्या कधी? ग्रॅव्हिटी १.००६ च्या खाली (मॅश ६८ अंशांना केला असेल तर १.००८-१० वर) आणि पाच-पाच दिवसांच्या अंतराने तीन मापं सारखी. एअरलॉक पुरावा नाही. १९ लिटरला (म्हणजे पाच गॅलनला), बिअर ३० अंशांवर असताना : साध्या बाटल्यांत अडीच व्हॉल्यूमसाठी साधी साखर १४० ग्रॅम, जाड बेल्जियन बाटल्यांत तीनसाठी १८० ग्रॅम. साखरेच्या ऑनलाइन गणकयंत्रात तापमान विचारतात ते किण्वन संपल्यावर बिअर जिथवर तापली ते, आजचं फ्रिजचं नव्हे. थोडी बिअर सोड्याच्या एका प्लॅस्टिक बाटलीत भरा. दाबून बघितली की बाकीच्यांच्या पोटात काय चाललंय ते कळतं. क्रेट झाकणाच्या टबमध्ये, घरात. गॅरेजमध्ये नाही.

पुढच्या खेपेसाठी एक. ‘सेझाँ गरमच करायची’ हे अर्धवट ऐकून पहिल्याच दिवशी ३३ वर यीस्ट टाकू नका, डोकं धरायला लावणारे जड अल्कोहोल तिथेच तयार होतात. २०-२२ ला टाका, ओला टी-शर्ट आणि पंखा लावून दीड-दोन दिवस तिथेच धरा, मग रोज दोन अंशांनी चढवत न्या. मॅश ६४-६५ अंशांना ९० मिनिटं. तुम्ही ६८ ला केला असेल तर १.००४ ऐवजी १.००८-१० वर थांबेल, तो दोष यीस्टचा नाही. नावाचा अर्थच हंगाम. शेतावर हिवाळ्यात करून उन्हाळ्यातल्या मजुरांना द्यायची बिअर, असं सांगतात. म्हणजे ती उन्हाळ्यात प्यायची होती, तापलेल्या कोठारात करायची नव्हती.

पुण्या-नाशिकहून वाचणाऱ्यांसाठी : अमेरिकेत संघराज्याच्या कायद्याने दोन प्रौढांच्या घरात वर्षाला २०० गॅलनपर्यंत चालतं, विक्री नाही. महाराष्ट्रात परवान्याशिवाय घरी बिअर करणं गुन्हा आहे, तेव्हा हे तिथे करून बघू नका.

हीटर लावल्यावर पाचव्या दिवशीचा आकडा इथे टाका, कशाने मोजला तेही लिहा.