नकाशात काय नोंदवायचं, काय नाही

प्रश्न : आदिवासी समूहाला आपल्या जमिनीचा नकाशा करायचा असेल, तर सुरुवात जीपीएसने करावी का?

उत्तर : नाही, आधी जुन्या जाणत्यांना घेऊन बसा. केनियातल्या ओगिएक समाजाने 2006 साली माऊ जंगलाच्या पूर्व भागाची 1:10,000 प्रमाणाची (जमिनीवरचे 100 मीटर म्हणजे 1 सेंटीमीटर) प्रतिकृती बनवली. नकाशावरच्या सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांप्रमाणे पुठ्ठे कापून एकावर एक चिकटवले की डोंगर-दऱ्या उभ्या राहतात. मग रंगाने ओढे, दोऱ्याने हद्दी, टाचण्यांनी ठिकाणं. अक्षरओळख नसलेली आजीही तिथे बोट ठेवून सांगते, 'ओढा इथे नाही, टेकडीपलीकडे आहे.' नावं, हद्दी ठरल्या की मग जीपीएस घेऊन निघा. दाट झाडीखाली त्याची नोंद सरकते, म्हणून एका जागी थांबून दोन-तीनदा घ्या. शेजारच्या गावाची माणसंही सोबत न्या. हद्दीचा वाद पायवाटेवरच मिटलेला बरा.

प्रश्न : असा नकाशा कोर्टात टिकतो का?

उत्तर : टिकू शकतो, पण एकट्या नकाशावर विसंबू नका. मलेशियातल्या सारावाक राज्यात इबान या आदिवासी समाजाच्या एका गावाने केलेला नकाशा 2001 साली उच्च न्यायालयात कामी आला. त्याच वर्षी परवान्याविना भूमापन करण्यावर बंधन घालणारा कायदा झाला आणि 2005 साली अपिलात निकालही फिरला. म्हणून वृद्धांच्या साक्षी, जुन्या वस्त्यांच्या खुणा, फळझाडं यांची नोंद नकाशासोबतच ठेवा.

प्रश्न : झाडतोड उपग्रहातून दिसतेच. मग गावकरी कशाला?

उत्तर : उपग्रह सांगतो झाडं गेली. कुणी नेली, हे तिथे गेलेला माणूसच सांगतो. पेरू देशाच्या लोरेतो भागात 2018 पासून निवडक गावांना तोडीच्या सूचना मोबाइलवर मिळू लागल्या, गस्तीचा मोबदलाही मिळाला. पहिल्या वर्षी तिथली तोड इतर गावांच्या तुलनेत 52 टक्क्यांनी, दुसऱ्या वर्षी 21 टक्क्यांनी कमी होती. गस्त घालणाऱ्याला मेहनताना मिळालाच पाहिजे, याबाबत मी आग्रही आहे.

प्रश्न : पवित्र जागा, औषधी झाडं, सगळंच नोंदवावं का?

उत्तर : मुळीच नाही. दुर्मीळ झाडाचे अक्षांश-रेखांश एकदा बाहेर गेले की ते चोराला वाट दाखवतात, आणि ते परत घेता येत नाहीत. दोन नकाशे करा: एक कोर्टकचेरीसाठी, हद्दी आणि वापराच्या जागांपुरता, दुसरा समाजापुरता. कोमापेओसारखं (आधीचं मापेओ) नकाशाचं ॲप इंटरनेटविना चालतं, माहिती गावातल्याच फोनमध्ये राहते. बाहेरची संस्था मदतीला आली, तर मूळ फाइल कुणाकडे राहणार, हे पहिल्याच बैठकीत लिहून घ्या.